शुगर आहे, डोळ्यातून सारखं पाणी येतं, आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे!

उन्हाळी_नागपूर
नमस्कार मंडळी. वय ५३, टाईप टू, गोळ्या चालू (मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड), तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) मागच्या वेळी ८.४ टक्के आली होती म्हणून घरात आधीच बोलणी खाऊन झालीत, इथे परत नका सुरू करू. बँकेत नोकरी, म्हणजे दिवसभर स्क्रीन आणि डोक्यावर एसीचा झोत. गेल्या उन्हाळ्यापासून डोळ्यात कचकच होते, संध्याकाळी अक्षरं फिसकटल्यासारखी दिसतात, दोनचार वेळा डोळे मिचकावले की परत नीट दिसतं. आणि गाडीवर बसलं की डाव्या डोळ्यातून धार. मला वाटलं ॲलर्जी. डोळ्याच्या डॉक्टरांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं, पट्टी काढली तर उजवीकडे ६ मिमी आणि डावीकडे ४ मिमी ओली. म्हणे तुमचे डोळे कोरडे आहेत. अहो पण पाणी येऊन राह्यलं नं! डॉक्टरांकडे गर्दी होती, थेंब लिहून दिले आणि पुढचा पेशंट आत. कोणाला शुगर आणि हा प्रकार दोन्ही असेल तर सांगा, हे नक्की काय आहे आणि आयुष्यभर थेंबच टाकायचे का?

चिंचोका
सेम पिंच. माझी शुगर बारा वर्षं जुनी आहे, थेंब खिशात असतात, पेनाच्या शेजारी. वाचतेय.

काजळरेघ
मी ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी) आहे, सांगलीत, डॉक्टर नाही हे आधी सांगते, औषध तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण पाणी येतंय आणि कोरडे कसे हा प्रश्न रोज एकदा तरी ऐकते म्हणून लिहिते.

डोळ्यावर जो अश्रूंचा थर असतो ते नुसतं पाणी नसतं. बुबुळाला चिकटून म्युसिन म्हणजे चिकट पदार्थ, त्यात मिसळलेलं पाणी, आणि सगळ्यात वर मिसळीच्या तर्रीसारखा तेलाचा पातळ तवंग. तेल येतं पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींमधून, पाणी अश्रूग्रंथीतून, चिकट पदार्थ पांढऱ्या भागावरच्या पेशींमधून. यातलं एक बिघडलं तरी थर टिकत नाही, जागोजागी फाटतो, बुबुळ उघडं पडतं, तिथे झोंबतं आणि मग मेंदू घाबरून एकदम पाणी सोडायला लावतो. ते पाणी म्हणजे नुसता पूर, त्यात तेल नाही नि चिकटपणा नाही, गालावर वाहून जातं आणि डोळा परत कोरडा. गाडीवर वारा लागला की धार लागते ती हीच. मिचकावल्यावर स्पष्ट दिसतं कारण पापणी थर परत पसरवते, आणि थोड्या वेळात तो परत फाटतो.

तुमची पट्टीची टेस्ट म्हणजे शर्मर टेस्ट, ऑटो शर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९०३ ला मांडलेली, अजून तीच चालते. पाच मिनिटांत १० मिमीच्या वर गेली तर ठीक, ५ च्या आत म्हणजे पाणी नक्की कमी, मधे असेल तर बाकीच्या गोष्टी बघून ठरवतात. दुसरी टेस्ट पिवळा रंग टाकून निळ्या लाईटखाली, थर फाटायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, १० च्या आत फाटला तर गडबड. ही केली का तुमची? पाणी पुरेसं असून तेल खराब असणारे खूप असतात, त्यांची पट्टी छान ओली होते आणि त्रास मात्र तोच.

उन्हाळी_नागपूर
@काजळरेघ ताई, बाप्पा, एवढं तर कोणी समजावूनच नव्हतं सांगितलं. पिवळा रंग नाही टाकला. पण यात शुगरचा काय संबंध? माझ्या बाजूच्या काऊंटरवरच्या पोरीला शुगर नाही, तिचेही डोळे कोरडेच म्हणते ती.

काजळरेघ
तिचं स्क्रीनमुळे असणार. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो, स्क्रीनवर ते पाचसातवर येतं आणि त्यातल्या बऱ्याच वेळा पापणी पूर्ण खाली येतच नाही. तुमचं स्क्रीन अधिक शुगर.

शुगर दोन तीन बाजूंनी मारते. अश्रूग्रंथीला सूज येऊन ती कमी काम करते, चिकट पदार्थाच्या पेशी कमी होतात, तेलाच्या ग्रंथी तुंबतात. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते नसांचं. पायाला मुंग्या येतात, बधिर होतात हे सगळ्या शुगरवाल्यांना माहीत असतं, पण बुबुळातही नसा असतात, कातडीच्या शेकडो पट दाट, आणि त्याही तशाच बधिर होतात. कॉर्नियाच्या म्हणजे बुबुळाच्या नसा खास मायक्रोस्कोपखाली बघून पायाची न्यूरोपॅथी (नसा खराब होणं) आधीच ओळखता येईल का यावर मँचेस्टरला कित्येक वर्षं काम झालंय, इतका तो संबंध जवळचा आहे. नस बधिर झाली की बुबुळ कोरडं पडलंय हा निरोपच वर जात नाही, मग पाणी येत नाही, पापणीही कमी मिटते, आणि पेशंट म्हणतो मला काही त्रास नाही.

म्हणून शुगरवाल्यांनी कचकच होत नाही यावर खूश राहू नये. माझ्याकडे येणाऱ्यांत असे असतात की तक्रार काही नाही, नुसता चष्म्याचा नंबर बघायला आलेत, आणि रंग टाकला तर अख्ख्या बुबुळावर ठिपकेच ठिपके, म्हणजे तिथल्या पेशी खराब झालेल्या. उलट ज्यांना खूप चुरचुरतं त्यांचं बुबुळ कधीकधी चकचकीत. तुम्हाला जाणवतंय ही खरं तर बरी गोष्ट आहे.

रंकाळ्याचा_बाळ्या
हे ज्यानं त्यानं वाचावं. आमच्या सासऱ्यांचं काय झालं ऐका. वीस वर्षांची शुगर, माणूस लई कडक, दवाखाना म्हटलं की अंगावर येतंय. डोळा लाल झालेला, विचारलं दुखतंय का, न्हाई. दुखत न्हाई म्हणून आम्ही बी बसलो गप. शेवटी बुबुळावर पांढरा डाग दिसाय लागला तवा उचलून नेलं, तर जखम झालेली आणि त्यात इन्फेक्शन, तासातासाला थेंब, ॲडमिट, सगळं झालं. डोळा वाचला, नजर थोडी गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले साध्या माणसाला एवढी जखम असती तर रात्रभर झोपला नसता आणि हे बाबा कुस्ती बघत बसले होते.

काजळरेघ
@बाळ्या अगदी हेच. लाल डोळा, पांढरा ठिपका, उजेड सहन न होणं, नजर एकदम कमी होणं, यातलं काहीही असलं तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. शुगरमधे बुबुळावरचा ओरखडा भरायलाही वेळ लागतो.

केशरकाकू
एवढं घाबरवू नका हो लोकांना. माझ्या आईला शुगर होती, ती रोज रात्री डोळ्यात गुलाबपाणी घालायची, उन्हाळ्यात साजूक तुपाचं बोट डोळ्यात, शेवटपर्यंत सुईत दोरा ओवत होती. आता सगळ्यालाच केमिकल. थंडावा मिळतो हे तरी मान्य कराल?

चिंचोका
काकू थंडावा मिळतो हो, मीही लहानपणी घालून घेतलंय. पण बाजारातल्या गुलाबपाण्याच्या बाटलीवर बाह्य वापरासाठी लिहिलेलं असतं, ते निर्जंतुक नसतं. आणि बाळ्याभाऊंच्या सासऱ्यांसारखं बधिर बुबुळ असलं तर इन्फेक्शन झालेलं कळणारच नाही.

केशरकाकू
बरं बाई. तूप पापणीला बाहेरून लावते, डोळ्यात नाही. ते तरी राहू दे.

लिंबलोण
गुलाबपाण्यापेक्षा मला मेडिकलवाल्याची भीती वाटते. लाल डोळा दाखवला की तो काऊंटरवरूनच स्टेरॉईडचा थेंब देतो, डोळा दोन दिवसात पांढराशुभ्र, माणूस खूश, बाटली संपली की परत तीच. असं महिनोन् महिने चाललं तर डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, काचबिंदू, मोतीबिंदू दोन्ही येऊ शकतात, आणि बुबुळाला जखम असेल तर आगीत तेल. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुरोमेथोलोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉईड आहे. डॉक्टर मोजके दिवस देतात तेव्हा ठीक, ते प्रेशर मोजून देतात. दुसरा प्रकार लाली घालवायचे थेंब, नाफाझोलीन वगैरे असलेले, ते रक्तवाहिन्या आवळतात आणि असर उतरला की डोळा आधीपेक्षा लाल. कोरडेपणासाठी दोन्ही आपल्या मनाने घ्यायचे नाहीत म्हणजे नाहीत.

जर्सी_ठाणेकर
मी इकडे न्यू जर्सीला, स्वतः डायबेटिक. थेंबांवरून आठवलं, २०२३ मधे इथे आर्टिफिशियल टीअर्समुळे मोठा गोंधळ झाला होता, भारतातून, चेन्नईजवळच्या कारखान्यातून आलेले थेंब होते, प्रिझर्वेटिव्ह (जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते रसायन) नसलेले पण एकाच मोठ्या बाटलीत, त्यात औषधांना दाद न देणारा स्युडोमोनास नावाचा जंतू निघाला. सीडीसी म्हणजे इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या आकड्यांनुसार १८ राज्यांत ८१ लोक आजारी, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचे मृत्यू. तेव्हापासून मी सिंगल डोसच्या छोट्या कुप्या वापरतो, महाग पडतात पण उघडली, टाकली, फेकली.

दुसरं म्हणजे ओमेगा थ्री. इथे प्रत्येक जण फिश ऑईल घेतो कोरड्या डोळ्यांसाठी, मीही घ्यायचो. २०१८ ला ड्रीम नावाची मोठी ट्रायल आली, ५३५ लोक, रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा थ्री वर्षभर, विरुद्ध ऑलिव्ह ऑईलच्या कॅप्सूल. दोन्हीकडे बरं वाटलं, पण ओमेगावाल्यांना जास्त बरं वाटलं असं काही दिसलं नाही. बांगडे खा चवीसाठी, डोळ्यासाठी बाटल्या विकत घ्यायची गरज नाही असं माझं मत.

पेडणेकर_बाय
बांगड्याक चवीसाठी म्हटल्याबद्दल निषेध :) बांगडो हे औषधच. हलके घ्या.

पाचवा_मजला
@लिंबलोण साधे थेंब तरी कुठले घ्यायचे? दहा नावं आहेत, प्रत्येक डॉक्टर वेगळं लिहितो.

लिंबलोण
ब्रँड सोडा, मागे बारीक अक्षरात काय आहे ते बघा. कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज म्हणजे सीएमसी, बहुतेकांना आधी हेच देतात, अर्धा टक्का किंवा एक टक्का. एक टक्का जाडसर असतो, जास्त टिकतो पण टाकल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं. सोडियम हायलुरोनेटचे असतात, थोडे महाग. रात्रीसाठी जेल किंवा मलम. आता प्रिझर्वेटिव्ह. बेंझाल्कोनियम क्लोराईड लिहिलेलं असेल तर ते दिवसातून एकदोनदा चालून जातं, पण चारपेक्षा जास्त वेळा टाकायचे असतील तर ते स्वतःच वरच्या पेशींना त्रास देतं, तेव्हा बिनप्रिझर्वेटिव्हचे मागा. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी हे नक्की बघा, कारण त्यांचा कोरडेपणा पुष्कळदा त्या थेंबातूनच आलेला असतो, डॉक्टर बदलून देऊ शकतात, आपण आपल्या मनाने मात्र काचबिंदूचा थेंब बंद करायचा नाही.

थेंब एकच पुरतो, डोळ्यात तेवढीच जागा असते, बाकीचा गालावर. दोन वेगळे थेंब असतील तर मधे पाच दहा मिनिटं. बाटलीचं टोक पापणीला लावू नका आणि उघडल्यावर महिन्याने टाकून द्या, उरले असले तरी. हे आमच्या घरी कोणी ऐकत नाही तो भाग वेगळा.

आंबोली
माझा मुद्दा अजून कोणी लिहिला नाही. पायाच्या आगीसाठी मला अमिट्रिप्टिलिन नावाची गोळी सुरू केली, झोप छान लागायला लागली, पण तोंड आणि डोळे दोन्ही सुकायला लागले. मी ते शुगरच्या खात्यावर मांडलं होतं. डोळ्याच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची यादी मागितली तेव्हा उलगडा झाला, शुगरच्या डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली आणि बराच फरक पडला. सर्दीच्या सेट्रिझिनसारख्या गोळ्या, काही बीपीच्या गोळ्यांमधे असणारी लघवीची गोळी, यांनीही कोरडेपणा वाढतो म्हणे. शुगरवाला माणूस म्हणजे चार डॉक्टर आणि दहा गोळ्या, आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं. यादी मोबाईलमधे ठेवा.

आणि तोंड, डोळे दोन्ही कोरडे अधिक सांधेदुखी असेल, विशेषतः बायकांना, तर शोग्रेन नावाचा आजार असू शकतो, त्याची रक्ताची तपासणी असते. सगळं शुगरवर ढकलू नका.

पाचवा_मजला
धन्यवाद @लिंबलोण. विचारायचं कारण आई. वय ७१, शुगर, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय आणि डॉक्टरांनी आयत्या वेळी पुढे ढकललं, म्हणाले आधी महिनाभर थेंब टाका, डोळे कोरडे आहेत. आम्ही सगळी सुट्टी जुळवून बसलेलो. उगाच लांबवतायत का असं वाटलं.

काजळरेघ
नाही हो, ते चांगले डॉक्टर आहेत. लेन्सचा नंबर काढायला बुबुळाची गोलाई मोजतात, आणि वरचा थर फाटका असेल तर मशीन दर वेळी वेगळा आकडा देतं. चुकीच्या आकड्यावर लेन्स बसवली की ऑपरेशन उत्तम होऊनही नंबर राहतो. शिवाय ऑपरेशनमधे बुबुळाच्या काही नसा कापल्या जातात म्हणून नंतर काही महिने कोरडेपणा वाढतोच, शुगरवाल्यांत जास्त. आधी थर सुधारून घेतलेला बरा. महिना गेला तर जाऊ दे.

उन्हाळी_नागपूर
थोडं अवांतर पण इथेच विचारतो. शुगर वाढली तेव्हा मला चाळिशीच्या चष्म्याशिवाय पेपर वाचता येत होता, मी ऑफिसभर सांगत फिरलो की डोळे सुधारले. गोळ्या वाढवल्यावर परत चष्मा लागला, तोही आधीपेक्षा जास्त वाटतो. हेही कोरडेपणाचंच का?

काजळरेघ
हे वेगळं. शुगर चढली की डोळ्यातल्या नैसर्गिक लेन्समधे पाण्याचं गणित बदलतं आणि बहुतेकदा नंबर मायनसकडे सरकतो, म्हणून जवळचं बिनचष्म्याचं दिसतं. शुगर उतरली की उलटा सरकतो. हा बदल आठवडे टिकतो, मिचकावून जात नाही. कोरडेपणाचा धूसरपणा मिचकावल्यावर जातो आणि संध्याकाळी वाढतो. शुगर काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय नवीन चष्मा करू नका, पैसे वाया. मी दुकानात बसून हे सांगते म्हणून आमचे मालक माझ्यावर नाराज असतात.

जर्सी_ठाणेकर
@उन्हाळी आयुष्यभर थेंबच का याचं उत्तर राहिलं. थेंब हे वरचं ओलावण आहे. आतली सूज असेल तर सायक्लोस्पोरीनचे थेंब देतात, अमेरिकेत २००२ ला मान्यता मिळाली, भारतातही मिळतात. मी घेतो. सुरुवातीला आग होते, आणि फरक कळायला काही महिने जातात, बरेच लोक त्याआधीच सोडतात. काहींना पापणीच्या आतल्या कोपऱ्यातल्या भोकात बारीक बूच बसवतात, म्हणजे आहे ते पाणी नाकात वाहून जात नाही. पण आधी तेलाचा प्रॉब्लेम आहे की पाण्याचा ते ठरायला हवं, नाहीतर सगळंच अंदाजपंचे.

चिंचोका
माझा तेलाचा निघाला. रोज गरम शेक, पाच ते दहा मिनिटं मिटलेल्या पापण्यांवर, मग पापणीच्या कडेकडे हलका दाब देत मसाज, कडा पुसून घ्यायच्या. सकाळी चिपडं यायची ती जवळजवळ बंद झाली. एक सांगते, माझी बोटं बधिर आहेत शुगरमुळे, त्यामुळे फडकं किती गरम आहे ते मला कळत नाही, मुलगी आधी मनगटाला लावून बघते. एकटे असाल तर इलेक्ट्रिक मास्कपेक्षा कोमट पाण्याचं फडकंच बरं.

रंकाळ्याचा_बाळ्या
एक विचारू का, डोळ्याचं चेकअप म्हणून पडद्याचा फोटो काढत्यात की दरवर्षी, त्यात हे दिसत न्हाई व्हय? सासऱ्यांचा फोटो नॉर्मल होता.

काजळरेघ
नाही दिसत. पडद्याचा फोटो मागच्या रेटिनाचा असतो, तिथे शुगरने रक्तवाहिन्या गळतात का ते बघतात, ते टाईप टू मधे निदान झालं त्याच वर्षी आणि मग दरवर्षी करायलाच हवं, त्याला पर्याय नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अहवालात देशात १० कोटींच्या वर शुगरवाले निघालेत, पडद्याची तपासणी एवढ्यांपर्यंत पोचवणंच जड जातंय, म्हणून सगळा जोर तिकडे आणि पुढचं बुबुळ राहून जातं. उलटंही होतं, कचकचीसाठी थेंब मिळाले की लोकांना वाटतं डोळे तपासून झाले. फोटोच्या दिवशीच म्हणा की रंग टाकून बुबुळ पण बघा. दोन मिनिटांचं काम आहे, फक्त हे बाहुल्या मोठ्या करायचे थेंब टाकायच्या आधी करायला सांगा, कारण त्या थेंबांनी पुढच्या थराचं चित्र बदलतं.

उन्हाळी_नागपूर
अपडेट. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, प्रिंट काढून नेली होती या धाग्याची, त्यांनी हसत हसत वाचली. रंग टाकला, थर चार सेकंदात फाटला, डाव्या बुबुळावर खालच्या बाजूला ठिपके, तेलाच्या ग्रंथी पण तुंबलेल्या. म्हणजे पाणी आणि तेल दोन्ही. बिनप्रिझर्वेटिव्हचे थेंब दिवसातून सहा वेळा, रात्री जेल, गरम शेक. रात्री झोपेत पापणी अर्धी उघडी राहते का ते बायकोला बघायला सांगितलंय, ती म्हणते घोरण्यासकट सगळं बघून सांगीन. एसीचा झोत फिरवून घेतला, मॉनिटर खाली केला (स्क्रीन नजरेच्या खाली असली की डोळा कमी उघडा राहतो असं ते म्हणाले). घरी मात्र कूलर. डॉक्टर म्हणाले हवा दमट असली तरी थेट तोंडावर नको. आता मे महिन्यात नागपुरात कूलरकडे पाठ करून झोपायचं म्हणजे काय ते तुम्ही पुणेकर नाही समजू शकणार.

चिंचोका
गाडीवर हेल्मेटची काच खाली ठेवताय ना?

उन्हाळी_नागपूर
ठेवतो नं आता. आधी हेल्मेट हँडललाच लटकलेलं राहायचं.

आंबोली
पडद्याची तपासणी बाकी असेल तर त्या दिवशी गाडी घेऊन जाऊ नका, बाहुल्या मोठ्या केल्यावर चार सहा तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं दिसत नाही. मी स्कूटर दवाखान्यासमोर ठेवून रिक्षाने घरी गेले होते, दुसऱ्या दिवशी आणायला गेले तर टो करून नेलेली.